महोत्सवाला गर्दी झाली, सोमवारी पेठ परत रिकामी: जुन्या बाजारपेठेत वर्षभर काय करायचं?

विचारणाऱ्या दादांचं म्हणणं आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं तालुक्याचं गाव. हायवे गावाबाहेरून गेल्यापासून जुनी पेठ ओस पडलेली, पण गेल्या दोन-तीन वर्षांत काही मुलं मुंबई-पुण्याहून परत आली, बंद घरं उघडली, एक कॅफे झाला, एक होमस्टे, एक कोकम-मसाल्यांचं दुकान, आणि एकाने आजोबांचं शिवणकाम परत सुरू केलं. सगळ्यांनी मिळून डिसेंबरात तीन दिवसांचा महोत्सव केला, उभं राहायला जागा नव्हती एवढी माणसं आली, आणि सोमवारी पेठ होती तशीच. आता जुने दुकानदार वर्गणी द्यायला तयार नाहीत. तर पुढच्या वर्षी मोठा कलाकार आणावा, की दर महिन्याला एक कार्यक्रम ठेवावा, की सोशल मीडियावर जोर द्यावा, असा प्रश्न आहे.

दादा, आधी एक सांगा, त्या तीन दिवसांत तुमच्या पेठेतल्या किती दुकानांत गिऱ्हाईक पायरी चढून आत गेलं? मला वाटतं हा आकडा तुमच्यापैकी कोणाकडेच नाही, आणि खरा प्रॉब्लेम तिथे आहे. गर्दी स्टेजसमोर आली, स्टेज संपलं, गर्दी गेली. जुन्या दुकानदारांनी वर्गणी दिली, रात्री अकरापर्यंत दुकान उघडं ठेवलं आणि समोर खुर्च्यांची रांग लागल्यामुळे त्यांच्या पायरीपर्यंत कोणी पोचलंच नाही. ते चिडले त्यात त्यांची चूक नाही.

मी स्वतः अशाच एका पेठेत सासऱ्यांचं स्टेशनरी-कटलरीचं दुकान चालवते आणि व्यापारी संघाच्या बरोबरीने पेठेतल्या बातम्या आणि सणासुदीचे कार्यक्रम बघायला लागून आता बारा वर्षं होतील. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली काही माणसांबद्दल लिहिलंय आणि ती सगळी रोज भेटणारी आहेत.

काही गोष्टी तुमच्या गावावर अवलंबून आहेत त्या पहिल्या बोलून घेऊ, नाहीतर माझं बघून तुम्ही तसंच करायला जाल आणि फसाल. तुमच्या पेठेत माळ्यावर माणसं राहतात का? राहत असतील तर संध्याकाळ आपोआप जिवंत असते, नसतील तर सात वाजल्यानंतरचं काहीही करणं जड जातं. बंद दुकानांचे मालक कोण आहेत? आमच्याकडे निम्मी कुलपं सामायिक वाटणीतली, पाच भाऊ, तीन मुंबईला, एकाची सही मिळत नाही, तिथे कितीही उत्साह असला तरी कुलूप उघडत नाही, मग ती पायरी आणि पडवी तरी वापरायला द्या एवढंच मागायचं. पेठेत पुराचं पाणी येतं का? आणि आठवडा बाजार पेठेतच भरतो की हलवून मैदानात नेलाय? ह्या चार उत्तरांवर अर्धा प्लॅन बदलतो.

आता मूळ मुद्दा. आपल्या किनाऱ्यावरच्या पेठा का भरलेल्या असायच्या ते बघा. वेंगुर्ल्याला मुंबईहून बोट लागायची, माल उतरायचा आणि आंबोली घाटाने बेळगावकडे जायचा, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, हर्णै सगळी बंदरं अशीच. राजापूर तर समुद्रापासून एवढं आत, तरी खाडीतून गलबतं यायची म्हणून सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली. माणूस बोटीतून उतरला की पेठेतूनच घरी जाणार. पुढे बोटी बंद झाल्या, एसटी आली, तरी स्टँड पेठेच्या जवळच होता. मग १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि स्टेशनं बहुतेक ठिकाणी गावापासून लांब, रत्नागिरीचं स्टेशन बघा, सावंतवाडीचं बघा, राजापूरचं तर फारच लांब. नंतर हायवे चौपदरी होताना बाहेर सरकला, झाराप-पत्रादेवी बायपास झाला आणि गोव्याला जाणारा माणूस सावंतवाडीत न शिरताच निघून जायला लागला. म्हणजे पूर्वी रस्ताच गिऱ्हाईक आणून सोडायचा, दुकानदाराने दार उघडं ठेवलं की पुरे. आता रस्ता ते काम करत नाही. आता माणूस पेठेत येणार तो मुद्दाम ठरवून येणार, आणि ठरवायला त्याला काहीतरी कळलेलं असायला पाहिजे. म्हणून मी म्हणते आधी बातमी, मग महोत्सव. तुम्ही उलटं केलंत, आणि आम्हीही सुरवातीला उलटंच केलं होतं.

बातमीत किती ताकद असते त्याला आंगणेवाडीचं उदाहरण पुरेसं आहे. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. ज्या दिवशी ठरते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत परळ-लालबागपासून विरारपर्यंत प्रत्येक मालवणी घरात ती कळलेली असते आणि तिकिटांची धावपळ सुरू. कोणी पोस्टर डिझाइन केलेलं नसतं. माणसांना ती तारीख हवी असते, वाट बघत असतात, एवढंच.

तुमच्या पेठेची कुठली बातमी अशी आहे की जिची तीन किलोमीटरमधली माणसं वाट बघतील? हे शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आम्ही पहिल्यांदा चौकात एक फळा लावला. सुरवातीला त्यावर काय लिहायचो, तर अमक्यांचा सत्कार, तमक्यांची निवड, व्यापारी संघाची सभा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. कोणी थांबून वाचायचं नाही. मग एकदा मे महिन्यात मी घाईघाईत फक्त एवढंच लिहिलं की मारुती देवळासमोर आज ओले काजूगर आलेत, दुपारपर्यंतच मिळतील. अकरा वाजता काजूगर संपले, आणि दुपारी एक आजी माझ्या दुकानात येऊन रागाने म्हणाल्या, "माका कोणी सांगूकच नाय!" त्या दिवशी मला कळलं की फळ्यावर काय लिहायचं. वस्तू, जागा, वेळ. शक्य असेल तर दर. फळ्याच्या वरती आम्ही कायमचं रंगवून घेतलं, "पेठेत काय गावता", म्हणजे पेठेत काय मिळतं, आणि आजपण तोच फळा आहे.

आता पद्धत सांगते. दर गुरुवारी दुपारी एक जण पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारतो, ह्या आठवड्यात नवीन काय? फोनवर विचारायचं नाही, चालतच जायचं. कारण फोनवर दुकानदार म्हणतो काही नाही हो, नेहमीचंच, आणि समोर उभं राहिलं की मागच्या खोलीत नवीन उकडे तांदूळ आलेले दिसतात, तांब्या-पितळेच्या दुकानात कल्हई करणारा मंगळवारी येणार असं बोलता बोलता निघतं. कल्हईवाल्याची बातमी आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचली जाते. वर्षातून दोनदा येतो, आधी कोणाला कळायचंच नाही, आता आजूबाजूच्या वाड्यांतून बायका रिक्षाने भांडी घेऊन येतात आणि आल्या की चार दुकानं फिरूनच जातात.

फळ्यावर लिहिलेलंच शुक्रवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर जातं. ग्रुपमध्ये फक्त अॅडमिन टाकू शकेल असं सेटिंग ठेवा, हे पहिल्या दिवसापासून. आम्ही सुरवातीला सगळ्यांना मोकळं ठेवलं, आठवड्याभरात गुड मॉर्निंग आणि राजकारण सुरू झालं आणि बायका पटापट बाहेर पडल्या, परत आणायला वर्ष गेलं. आठवड्याला एकच मेसेज, जास्तीत जास्त दहा ओळी, फोटो एक. आणि छापील पत्रक काढायचं मनात असेल तर नियमित मुदतीने बातम्या छापायच्या झाल्या की नियतकालिकाच्या नोंदणीचा प्रश्न येतो, १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवीन कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय, तेव्हा आधी एखाद्या वकिलाला किंवा स्थानिक साप्ताहिकवाल्याला विचारून घ्या. आम्ही त्या भानगडीत न पडता फळा आणि फोन एवढ्यावरच राहिलो.

दोन गोष्टी लोकांना विचित्र वाटतात पण मी आग्रहाने सांगते. एक म्हणजे बंद होणाऱ्या दुकानाची बातमी पण लिहा. आमच्याकडचे एक जुने घड्याळवाले काका डोळे गेल्यामुळे दुकान बंद करणार होते, आम्ही महिनाभर आधी लिहिलं की ज्यांची घड्याळं दुरुस्तीला दिलेली आहेत त्यांनी घेऊन जा. त्या महिन्यात किती माणसं आली असतील, कोणी वीस वर्षांपूर्वी दिलेलं वडिलांचं घड्याळ न्यायला आलं. काका प्रत्येकाला पितळी डब्यातून चिठ्ठी काढून नाव वाचून घड्याळ देत होते. आणि त्या येण्याजाण्यातून त्यांच्या गाळ्याला भाडेकरू मिळाला, तिथे आता एक मुलगी मोबाइल आणि घड्याळं दोन्ही दुरुस्त करते. दुसरं म्हणजे पेठेत कोणी वारलं तर ते लिहा, बारावं-तेरावं कधी ते लिहा. पेठ म्हणजे दुकानं आणि वर राहणारी घरं दोन्ही. ज्या फळ्यावर दुःखाची बातमी नीट लिहिली जाते त्याच फळ्यावरच्या सेलच्या बातमीवर माणूस विश्वास ठेवतो.

विश्वासाचा विषय निघालाच आहे तर पुराचं सांगते. राजापूरच्या जवाहर चौकात जवळजवळ दरवर्षी पाणी येतं, तिथले व्यापारी माल वर चढवण्यात तरबेज झालेत. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला जे झालं ते तर सगळ्यांनी बघितलं, पेठ पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. आमच्या पेठेत एवढं नाही येत, पण भरती आणि मोठा पाऊस एका वेळी जुळला की खालच्या अंगाला गुडघाभर होतं. आम्ही त्याच ग्रुपवर भरतीच्या वेळा आणि ओढ्याच्या पुलावरचं पाणी कळवायला लागलो, खालच्या अंगाचा चहावाला दर तासाला पुलावर जाऊन बघून सांगायचा. आमच्या ग्रुपला खरी माणसं त्या पावसाळ्यात जोडली गेली. पाण्यासाठी आली आणि गणपतीच्या बाजारासाठी थांबली. तुमची पेठ खाडीकाठी आहे म्हणताय, तर हे जूनच्या आधीच सुरू करा.

आता कार्यक्रमांकडे येऊ. दर महिन्याला एक कार्यक्रम शोधून काढू नका, दमून जाल. आपल्याकडचं वर्ष आधीच भरलेलं आहे, ते नीट वाचायचं आणि प्रत्येक मोसमाची पेठेतली जागा ठरवायची.

यंदाचंच, म्हणजे २०२६ चंच बघा. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, कुणकेश्वरला अख्खा देवगड तालुका लोटणार, तेव्हा आपल्या पेठेत काही ठेवायचं नाही, पण जत्रेला जाणाऱ्यांना लागणारं सामान पेठेत आधीच्या दोन दिवसांत मिळतंय हे कळवायचं. त्याच आठवड्यात रमजान सुरू होतोय. आमच्या पेठेच्या एका टोकाला मोहल्ला आहे, पूर्वी कोणी त्या महिन्याकडे पेठेचा मोसम म्हणून बघायचंच नाही. आम्ही एवढंच केलं की त्या टोकाचे नगरपरिषदेचे बंद पडलेले दिवे पाठपुरावा करून लावून घेतले आणि फळ्यावर लिहिलं की संध्याकाळी सहानंतर खजूर, फळं, समोसे, फालुदा मिळेल. आता रमजानात आमच्या पेठेचं ते टोक रात्री सगळ्यात जास्त जागं असतं आणि सगळ्या आळीतली पोरं तिथे जातात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिमगा, १९ मार्चला पाडवा, मागोमाग ईद. एवढं सगळं महिन्याभरात असताना तुम्ही वेगळा कुठला कार्यक्रम करणार आणि का करणार? शिमग्याची पालखी पेठेतून कुठल्या दिवशी किती वाजता जाते ते मानकऱ्यांना विचारून लिहा, तेवढ्यावर मुंबईची माणसं सुट्टी टाकतात.

मग मे. चाकरमानी आणि पावसाळ्याची बेगमी दोन्ही एकत्र. रायगडकडे आगोट म्हणतात, गोव्याकडे पुरुमेंत, आपल्याकडे नुसतं बेगमी. ताडपत्री, छत्र्या, मिरच्या-मसाला, कडधान्यं, उकडे तांदूळ, खडेमीठ, आमसुलं, सुके बांगडे, सुकट. हा मोसम सुपर मार्केटच्या हातात गेला असं सगळे म्हणतात पण सुकी मासळी आणि मसाला माणूस अजून हाताने बघून, वास घेऊनच घेतो. आम्ही मे महिन्यातल्या तीन रविवारी सकाळी सात ते अकरा सुकी मासळीवाल्या बायकांना पेठेत पडव्यांवर बसवतो, मिरची कांडप गिरणीवाला त्या दिवशी लवकर उघडतो, आणि छत्री दुरुस्तीवाला बसतो. ह्याला कार्यक्रम म्हणा की बाजार म्हणा, स्टेज नाही, माईक नाही, खर्च जवळजवळ शून्य. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे हे विसरू नका, धोंड्याचा महिना, लग्नं थांबतील म्हणून कापडवाले रडतील पण जावयाच्या वाणासाठी भांडीवाले, सराफ आणि अनारसे करणाऱ्या घरगुती बायका यांना हा महिना आहे. आतापासून त्यांच्याशी बोला.

जून-जुलै पेठेला सगळ्यात कठीण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ताजी मासळी कमी, पर्यटक नाही. इथे आम्ही फार काही करत नाही, रानभाज्यांपुरतंच. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, नंतर अळंबी. विकायला येणाऱ्या बायका भल्या सकाळी येतात आणि नऊला जातात, तर फळ्यावर वेळ स्पष्ट लिहायची आणि चहावाल्याने लवकर उघडायचं. बास. पावसाळ्यात माणसांना विश्रांती पण लागते, आपल्याला पण लागते.

१ ऑगस्टला बोटी परत समुद्रात जातात आणि ऑगस्टच्या शेवटाला यंदा नारळी पौर्णिमा. मालवणला किल्ल्यावरून सोन्याचा नारळ वाजतगाजत येतो आणि बंदरावर नारळ लढवायच्या स्पर्धा होतात हे तुम्हाला माहितीच आहे. नारळ लढवणं हा प्रकार पेठेत करायला फार सोपा आहे, दोन माणसं, दोन नारळ आणि सभोवती रिंगण. आम्ही नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पेठेत लढवतो, नारळ पेठेतूनच विकत घ्यायचे असा नियम. पहिली एक-दोन वर्षं फक्त पुरुष होते, मग कासारणीने स्वतःहून नारळ उचलला आणि आता बायकांची फेरी मोठी असते.

पण वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चतुर्थीचा बाजार, आणि तुम्ही एकच काहीतरी करणार असाल तर हे करा. गणपतीच्या वर माटवी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायला लागणारं सामान, कवंडाळ, तेरडा, शेरवडं, हरणाची फुलं, सुपारीची शिपटं, नारळाची पेंड, आंब्याचे टाळ, हे डोंगरातनं आणून विकणाऱ्या बायका आमच्याकडे हायवेच्या तिठ्यावर बसायच्या, पावसात, गाड्यांच्या चिखलात. पेठेत बोलवायचं ठरलं. पहिल्या वर्षी आम्ही पेठेमागच्या मैदानात मोठा मंडप घातला, टेबलं मांडली, नंबर लावले. बायका बसल्या आणि विक्री झाली नाही. कारण गिऱ्हाईक कुडाचं मखर, कापूर, उदबत्ती, तोरण घ्यायला पेठेत फिरत होतं आणि माटवीचं सामान मागच्या मैदानात, पावसात कोण जाणार? त्यातल्या एकीने मला स्पष्ट सांगितलं, बाई, टेबल नको, तुमच्या पायरीवर बसायला द्या. दुसऱ्या वर्षी प्रत्येक दुकानाच्या पडवीत एक बाई. दुकानदार आधी कुरकुरले की पायरी अडते, पण माटवीचं घ्यायला थांबलेलं माणूस पायरीवरच उभं असतं, तिथून आत चार पावलं. त्या दोन दिवसांत माझ्या दुकानात जेवढं क्रेप आणि लाइटच्या माळांचं गिऱ्हाईक झालं तेवढं आधीच्या दोन महिन्यांत झालं नव्हतं. त्यानंतर पायरी कोणाला द्यायची यावर भांडणं झाली नाहीत, उलट मला दोन बायका दे असं दुकानदार सांगायला लागले. बंद दुकानांच्या पडव्या पण वापरल्या, मालकांना मुंबईला फोन करून विचारलं, सगळ्यांनी हो म्हटलं. त्यातल्या एकाने गणपतीत गावी येऊन आपल्या पडवीतली गर्दी बघितली आणि दिवाळीत कुलूप उघडलं.

चतुर्थीची बातमी कधी द्यायची हे महत्त्वाचं. तारखेवर जाऊ नका, तिथीवर जा. २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून चतुर्थी १९ सप्टेंबरला आली, २०२५ ला २७ ऑगस्टलाच आली, यंदा १४ सप्टेंबरला आहे. मागच्या वर्षीचं पोस्टर तारीख बदलून वापरणाऱ्यांचा सगळा हिशोब चुकतो, कारण ऑगस्टचा पाऊस वेगळा आणि सप्टेंबरच्या मध्याचा वेगळा, तेरडा-हरणं कधी फुलतात ते पण बघावं लागतं. आणि बाजार कुठल्या दोन दिवशी आहे ते मुंबईच्या माणसाला आधीच कळलं तर तो त्याप्रमाणे गाडी धरतो. रेल्वेचं रिझर्व्हेशन पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालंय, म्हणजे १२ सप्टेंबरच्या गाडीसाठी १४ जुलैच्या आसपास. तर तुमची चतुर्थी बाजाराची बातमी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलीच पाहिजे, फळ्यावर आणि मुंबईच्या ग्राममंडळांच्या ग्रुपवर.

दिवाळीचं फार लिहीत नाही, कंदील आणि नवीन भाताचे पोहे, ते तुमचं तुम्हाला जमेल. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, सोनुर्लीपासून पुढे रोज कुठेतरी दहिकाला, म्हणजे जत्रेतला रात्रीचा दशावतार, असतोच. तिथे पेठेने स्पर्धा करू नये. जत्रेत खाजं विकणारी कुटुंबं पेठेतलीच असतात, त्यांचं कुठल्या दिवशी कुठल्या जत्रेत दुकान आहे तेवढं कळवा.

आता तुमचा डिसेंबर महोत्सव. बंद करा असं मी म्हणत नाही, मुलांनी मेहनत घेतलीय. पण स्टेज पेठेच्या मधोमध नको, आणि एकाच जागी तीन रात्री नको. छोट्या छोट्या गोष्टी पेठेभर पसरवा, एका टोकाला भजनाची बारी, मधल्या चौकात दशावताराचं एखादं आख्यान, दुसऱ्या टोकाला नाताळची कॅरल म्हणणारी मुलं, म्हणजे माणूस चालत राहतो आणि चालताना दुकानं दिसतात. दशावतार रात्रभर चालतो हे खरं, पण लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो, सूट असलेले थोडेच दिवस असतात आणि ते जिल्हाधिकारी जाहीर करतात, तेव्हा दशावतार करणाऱ्या नाटक कंपनीला आधीच सांगा की सात ते दहा एवढंच आख्यान हवंय. चांगल्या कंपन्या बसवून देतात. नगरपरिषद, पोलीस, वीज मंडळाचं तात्पुरतं कनेक्शन, खाद्यपदार्थवाल्यांची अन्नसुरक्षेची नोंदणी ही कामं महिनाभर आधी. कॅफेवाल्या मुलांना हे फॉर्म भरता येतात आणि जुन्या दुकानदारांची ऑफिसात ओळख असते, एकेकाची जोडी लावून पाठवा. आमच्याकडे नव्या-जुन्यांचं जमलं ते असं एकत्र रांगेत उभं राहून जमलं.

पैशाचं एक सांगते. आम्ही एका वर्षी मोठा स्पॉन्सर घेतला होता, नाव नको, त्यांनी पेठेच्या दोन्ही तोंडांना आणि प्रत्येक खांबावर स्वतःचे फलक लावले, कौलारू दुकानांच्या पाट्यापण झाकल्या, आणि कार्यक्रम संपल्यावर फाटके फलक आम्हीच काढले. बाहेरून आलेल्यांना पेठेतल्या एकाही दुकानाचं नाव दिसलं नाही. तेव्हापासून सगळ्या दुकानांची महिन्याची सारखी छोटी वर्गणी, मोठ्याला जास्त नाही, छोट्याला माफ नाही. चौकात हिशोब लावायचा, त्याच फळ्याच्या बाजूला. तुमचे जुने दुकानदार वर्गणी देत नाहीत ना? पहिले सहा महिने मागूच नका. फळ्याला आणि फोनला पैसे लागत नाहीत.

आणि मोजायचं काय, तर मी दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता पेठेतून चालत जाते आणि किती दुकानांच्या दाराच्या फळ्या आणि शटर उघडी आहेत ते वहीत लिहिते. मुद्दाम सोमवार, मुद्दाम कुठलाही सण नसताना. महोत्सवाच्या दिवशीची गर्दी मोजून काही कळत नाही.

म्हणजे तुमच्यासाठी सध्या एवढंच, मोठ्या कलाकाराचं बुकिंग थांबवा, ह्याच गुरुवारी पेठेतून चालत एक फेरी मारा, शुक्रवारी चौकात फळा लावा, शिमग्याच्या पालखीची वेळ मानकऱ्यांकडून घ्या, मे महिन्याच्या बेगमीसाठी सुकी मासळीवाल्या बायकांना आताच भेटा, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात चतुर्थी बाजाराची बातमी मुंबईला जाऊदे.

तुमचा आठवडा बाजार कुठल्या वारी भरतो आणि पेठेपासून किती लांब, तेवढं खाली लिहा. तो पेठेला लागून असेल तर गुरुवारची फेरी बदलून बाजाराच्या आदल्या दिवशी करावी लागेल, मग फळा पण त्याच संध्याकाळी लिहायला पाहिजे, कारण बाजाराला येणारी माणसं पहाटेच्या एसटीने निघतात.